उमेदवाराचा चेहरा कोण घडवतं?



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी मसाला, पापड, लोणचं, शेवया करतात. प्रदर्शनात स्टॉल लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न पाकिटाचा येतो. पाकीट चकचकीत हवं, नाव सुटसुटीत हवं, रंग लांबून उठून दिसायला हवा. यात वावगं काही नाही. चांगला मसाला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवला तर गिऱ्हाईक हात लावत नाही. पण त्याच पाकिटावर वजन, घटक, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांकही छापावा लागतो. "भेसळ नाही" असं लिहिलं आणि तिखटात रंग निघाला, तर जाब गटाला द्यावा लागतो, पाकीट छापणाऱ्याला कोणी विचारत नाही.

निवडणुकीतही पाकीट असतं. फ्लेक्सवरचा हात जोडलेला फोटो, प्रचाराच्या गाडीवरचं गाणं, मोबाईलवर येणारा एका मिनिटाचा व्हिडिओ, "आपला हक्काचा माणूस", "बहिणींचा भाऊ" अशी बिरुदं. हे सगळं उमेदवार रात्री बसून स्वतः करत नाही. त्यासाठी पगारी माणसं असतात. त्यांना निवडणूक सल्लागार म्हणतात. हा धंदा आला कुठून, चालतो कसा आणि त्यात बरोबर काय, चूक काय, हे या पाठात बघू. कुठल्याही पक्षाची बाजू इथे घेतलेली नाही. गटाच्या बैठकीत वाचायचा हा पाठ आहे आणि गटात सगळ्या पक्षांना मत देणाऱ्या बायका असतात.

पहिली कंपनी

हा प्रकार मोबाईलबरोबर आला असं आपल्याला वाटतं, पण तो फार जुना आहे. १९३३ साली, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 'कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड' नावाची कंपनी निघाली. नावाचा अर्थ सरळ आहे, प्रचाराची कंपनी. पैसे घेऊन दुसऱ्याचा प्रचार चालवायचा एवढाच जिचा धंदा, अशी ही पहिली कंपनी मानली जाते. ती काढली दोघांनी. एक क्लेम व्हिटेकर, पत्रकार. दुसरी लिओन बॅक्स्टर. लिओन तेव्हा सव्वीस वर्षांची होती, नवरा वारलेला होता, वर्तमानपत्रात लिहिण्याचा अनुभव होता आणि एका गावच्या व्यापारी मंडळाचं काम ती सांभाळत होती. पुढे १९३८ मध्ये दोघांनी लग्न केलं. नफा दोघांत सारखा वाटला जायचा आणि कंपनीचं अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने बदलायचं. त्या काळात बाईला धंद्यात निम्मा वाटा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्यांचं पहिलं मोठं काम पाण्याचं होतं. राज्याच्या उत्तर भागातलं पाणी मधल्या कोरड्या खोऱ्यातल्या शेतीला द्यायची योजना विधिमंडळाने मंजूर केली होती. एका मोठ्या वीज कंपनीला ती नको होती, म्हणून तिने ती योजना रद्द करण्यासाठी सार्वमत मागितलं. व्हिटेकर आणि बॅक्स्टर योजनेच्या बाजूने उतरले. पैसा थोडा होता. गावोगावची छोटी वर्तमानपत्रं आणि रेडिओ यांच्या जोरावर ते लढले आणि जिंकले. मग काय झालं असेल? जी वीज कंपनी हरली, तिनेच या दोघांना वर्षाच्या पगारावर बांधून घेतलं!

इथे थोडं थांबा. काल शेतकऱ्याच्या पाण्यासाठी लढणारे आज त्याच शेतकऱ्याच्या विरोधकाकडे नोकरीला. त्यात कायदा मोडला असं नाही. पण सल्लागार कोणाचा, तर जो पैसे देईल त्याचा, ही गोष्ट त्या पहिल्याच वर्षी दिसून आली.

पुस्तकातलं वाक्य आणि लेखकाचं तोंड

१९३४ साली त्याच राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक लागली. गव्हर्नर म्हणजे तिथे लोकांनी थेट निवडून दिलेला राज्याचा प्रमुख, आपल्याकडच्या राज्यपालासारखा नव्हे. मंदीचे दिवस होते. कारखाने बंद, बँका बुडालेल्या, माणसं कामासाठी गावोगाव फिरत होती. अप्टन सिंक्लेअर नावाचा प्रसिद्ध लेखक उभा राहिला. मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतली घाण आणि मजुरांचे हाल त्याने १९०६ च्या एका कादंबरीत मांडले होते. आता त्याची योजना होती की बंद कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांच्या हाती द्यायच्या आणि त्यांनी स्वतःपुरतं पिकवायचं, बनवायचं. ती योजना चालली असती की नाही, यावर वाद होऊ शकतो. तोच वाद निवडणुकीत व्हायला हवा होता.

झालं भलतंच. व्हिटेकर आणि बॅक्स्टर त्याच्या विरोधातल्या बाजूने नेमले गेले. त्यांनी तीन दिवस दार बंद करून सिंक्लेअरची पुस्तकं वाचून काढली आणि त्यातली भडक वाक्यं वेचली. कादंबरीत एक पात्र म्हणतं की लग्नाच्या पावित्र्यावर माझा विश्वास उरला नाही. हे त्या पात्राचं बोलणं. छापताना मात्र ते सिंक्लेअरच्या तोंडी घातलं. एका मोठ्या दैनिकात निवडणुकीपर्यंत रोज पहिल्या पानावर एक चौकट, आणि चौकटीत असं एकेक वाक्य. कीर्तनकाराने कथेत रावणाचं बोलणं म्हणून दाखवावं आणि दुसऱ्या दिवशी कोणी सांगत फिरावं की "बुवा परस्त्री पळवायला सांगतात", तसलाच हा प्रकार.

बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. एका सिनेमा कंपनीने बातमीपटासारख्या फिती काढून थिएटरात दाखवल्या. एक नीटनेटकी आजी झुलत्या खुर्चीत बसून सांगते, माझं छोटंसं घर वाचावं म्हणून मी सिंक्लेअरच्या विरोधात मत देणार. मग दाढी वाढलेला, परक्या उच्चाराचा माणूस म्हणतो, मी सिंक्लेअरला देणार, ती पद्धत रशियात चालली की! सिंक्लेअरच्या राज्यात फुकट खायला मिळेल म्हणून बेकारांच्या झुंडी येत आहेत, असं सांगत वर्तमानपत्रात एक फोटोही छापून आला. तो होता एका सिनेमातल्या प्रसंगाचा.

निकाल लागला. विरोधी उमेदवार मेरियम यांना सुमारे ११ लाख ३८ हजार मतं, सिंक्लेअरला सुमारे ८ लाख ७९ हजार. सगळं त्या चौकटींमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, तिसरा उमेदवारही होता. पण लिओन बॅक्स्टरने नंतर हे कबूल केलं की त्या वाक्यांचा मुद्द्याशी संबंध नव्हता, आमचं काम त्याला गव्हर्नर होऊ न देणं एवढंच होतं. या बोलण्यात लाज कुठे आहे का, हे तुम्हीच बघा.

यांची काम करायची रीत

या दोघांनी १९३३ ते १९५५ या काळात ७५ मोहिमा चालवल्या आणि ७० जिंकल्या. रीत ठरलेली असे. आधी आठवडाभर कुठेतरी जाऊन बसायचं आणि मोहिमेचा आराखडा लिहायचा. मग तितक्याच मेहनतीने, समोरचा काय करील याचाही आराखडा लिहायचा. मुद्दा एकच ठेवायचा आणि तो सोपा करून पुन्हा पुन्हा सांगायचा. विषय माणसावर आणायचा, कारण माणसावर राग धरणं सोपं असतं. शत्रू नसेल तर उभा करायचा. समजावून सांगत बसायचं नाही. साध्या माणसाला शिकायचं नसतं, त्याला भांडण आवडतं, नाही तर तमाशा, असं त्यांचं मत होतं. साध्या माणसाबद्दलचं हे मत वाचून मला राग येतो. पण आपल्या मोबाईलवर आपण काय पुढे पाठवतो हे पाहिलं की तोंड जरा बंद होतं.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांची स्वतःची एक लेखसेवा होती. तयार बातम्या आणि अग्रलेख ती गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांना फुकट पाठवायची. संपादक एकटा, हाताखाली माणूस नाही. आयता मजकूर मिळाला की तो तसाच छापून टाकायचा. वाचणाऱ्याला वाटायचं, आपल्या गावचा पेपर असं म्हणतोय. आपल्याकडे पैसे देऊन बातमी छापून आणण्याला 'पेड न्यूज' म्हणतात. २००९ च्या निवडणुकांनंतर त्यावर इतकी ओरड झाली की भारतीय वृत्तपत्र परिषदेला चौकशी करावी लागली. जात एकच, फक्त पैसे देण्याची वाट वेगळी.

दवाखान्याची गोष्ट

आता जे सांगते ते आपल्याला सगळ्यात जवळचं आहे. तुमच्या गटाची कर्जवही उघडा. कर्जाचं कारण या रकान्यात 'दवाखाना' किती वेळा लिहिलंय ते मोजा.

१९४४ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन आजारी पडून रुग्णालयात होते. गरीब घरात असं दुखणं आलं तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात आला. १९४५ मध्ये त्यांनी राज्यातल्या लोकांसाठी सक्तीच्या आरोग्य विम्याची योजना मांडली. कामगार आणि मालक दोघांनी थोडे थोडे पैसे भरायचे आणि आजारपणात त्यातून खर्च भागवायचा. आपल्या आपत्कालीन निधीसारखंच, फक्त राज्यभर.

राज्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेला ती नको होती. तिने व्हिटेकर आणि बॅक्स्टरला नेमलं. गंमत अशी की १९४२ मध्ये वॉरन यांच्या प्रचाराचं काम याच दोघांनी केलं होतं. त्यांनी योजनेला नाव दिलं 'राजकारण्यांचं औषध'. त्यांची माणसं शेकडो वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. सुरुवातीला योजनेच्या बाजूने असलेल्या पन्नासेक वर्तमानपत्रांतली वीसच उरली, विरोधातली ४३२ झाली. विधिमंडळात ती योजना एका मताने पडली.

पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी अख्ख्या देशासाठी तशीच योजना आणायचं ठरवलं, तेव्हा देशभरातल्या डॉक्टरांच्या संघटनेने याच कंपनीला बोलावलं. प्रत्येक डॉक्टरकडून २५ डॉलर वर्गणी गोळा केली. पत्रकं छापली आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांत एक चित्र लावलं. ते जुनं प्रसिद्ध इंग्रजी चित्र आहे, ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराने १८९१ मध्ये काढलेलं. गरिबाची झोपडी, दोन खुर्च्या जोडून त्यावर निजवलेलं तापाने फणफणलेलं लेकरू, शेजारी वाकून बघणारा डॉक्टर, मागे अंधारात हवालदिल आईबाप. त्याखाली ओळ अशा अर्थाची, की या चित्रात राजकारण आणू नका.

चित्र बघून कोणाचंही काळीज हलेल. पण त्या झोपडीतल्या आईबापांनी डॉक्टरची फी कुठून दिली असती? विमा तर अशाच घरासाठी होता. गरिबाच्या लेकराचं चित्र वापरून गरिबाचा विमा पाडला. त्या चित्राखालच्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला ही गोष्ट सिंक्लेअरच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. ट्रुमन यांची योजना मंजूर झाली नाही.

आधी उत्तर, मग प्रश्न

टीव्ही आल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये जनरल आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांच्या टीव्ही जाहिराती रॉसर रीव्ह्ज याने केल्या, जो एरवी डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जाहिराती करायचा. जाहिरातीत साधी माणसं प्रश्न विचारतात आणि जनरलसाहेब उत्तर देतात. एक बाई महागाईबद्दल विचारते, ते म्हणतात, माझी बायकोही मला हेच ऐकवते. खरं असं की उत्तरं आधी एका दिवसात चित्रित झाली. नंतर फिरायला आलेल्या पर्यटकांतून चेहरे निवडून त्यांच्याकडून प्रश्न वाचून घेतले. जनरलसाहेबांची आणि त्या बाईची गाठही पडलेली नव्हती. पुढाऱ्याने झोपडीत बसून भाकरी खाल्ल्याचा व्हिडिओ आला, तर कॅमेरा आधी पोचला की पुढारी, हे विचारायला हरकत नाही.

आपल्याकडे जाहिरात कंपन्या १९८० च्या दशकापासून प्रचारात आहेत आणि २०१४ नंतर सल्लागारांची नावं उघडपणे ऐकू येऊ लागली. एकच सल्लागार एका निवडणुकीत एका पक्षाकडे आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्या विरोधकाकडे, असंही झालं. पाकीट दर वेळी खपतंच असं मात्र नाही. २००४ मध्ये 'इंडिया शायनिंग' या जाहिरातींवर भरपूर पैसा ओतला होता, तरी तेव्हाची सत्ताधारी आघाडी हरली.

मग चूक कुठे म्हणायची?

सल्लागार म्हणतात, वकील जसा अशिलाची बाजू मांडतो तसे आम्ही. हे अगदीच खोटं नाही. नव्याने उभी राहिलेली, स्टेजवर पाय लटपटणारी आपली एखादी ताई बोलायला शिकली, तिने आपलं काम चार ओळींत मांडायला कोणाची मदत घेतली, तर त्यात गैर काय? उलट पैसेवाल्यांपुढे ती टिकायला मदतच होते. पण कोर्टात समोर दुसरा वकील असतो, पुरावा तपासला जातो आणि न्यायाधीश दोघांचं ऐकून मग निकाल देतो. प्रचारात न्यायाधीश तुम्ही-आम्ही, आणि आपल्यापुढे बऱ्याचदा एकाच बाजूचा व्हिडिओ येतो. मतदानाच्या आदल्या रात्री पसरलेलं खोटं खोडायला वेळच उरत नाही. म्हणून वकिलाचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो.

चांगली बाजू नीट मांडणं एक. बोलण्याचा तुकडा तोडून भलतीकडे चिकटवणं दुसरं. आणि एखाद्या गोष्टीला भीतीचं नाव देऊन लोकांना विचारच करू न देणं तिसरं. पहिलं पाकीट आहे, उरलेली दोन भेसळ. स्वतः लिओन बॅक्स्टरला १९६० च्या दशकात विचारलं होतं की तुमच्या या युक्त्यांचा गैरवापर होईल का. माणसांची मनं वळवायचं हे काम नीतीने वागणाऱ्यांच्याच हाती राहिलं पाहिजे, अशा अर्थाचं उत्तर तिने दिलं. सिंक्लेअरचं काय, हे कोणी पुढे विचारायला हवं होतं.

पाकिटामागचा मजकूर कसा वाचायचा

उमेदवाराच्या पाकिटामागेही छापलेलं असतं, आपण ते उलटून बघत नाही. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण लिहिलेलं असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही बघता येतं. फ्लेक्सवर "शेतकऱ्याचा मुलगा" असेल तर शपथपत्रात जमीन किती ते बघा.

पत्रक हातात आलं तर तळाची बारीक अक्षरं वाचा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर असलाच पाहिजे. नसेल तर तो गुन्हा आहे. नावाशिवाय आलेल्या पत्रकात उमेदवाराच्या चारित्र्यावर चिखल असेल, तर ते कोणाचं काम हे कोणाला कळू द्यायचं नसतं. टीव्हीवरच्या आणि सोशल मीडियावरच्या राजकीय जाहिरातींना आधी माध्यम समितीचं प्रमाणपत्र लागतं. संगणकावर बनवलेला खोटा आवाज किंवा व्हिडिओ ध्यानात आल्यापासून तीन तासांत पक्षांनी काढून टाकावा, असं आयोगाने मे २०२४ मध्ये बजावलं आहे. खर्चाचं म्हणाल तर मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मात्र मर्यादा नाही, आणि मोठे सल्लागार बहुधा पक्षच नेमतात.

आता आपल्या वहीबद्दल. सल्लागाराला सगळ्यात जास्त काय हवं असतं? माहिती. कोणाचं घर कोणत्या वस्तीत, कोणाला कोणत्या योजनेचे पैसे मिळाले, कोण कर्जात आहे, कोणाचा मोबाईल नंबर काय. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता मिळवून प्रचारासाठी वापरली, हे २०१८ मध्ये बाहेर आलं. फेसबुकनेच सांगितलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंतचा होता, त्यात सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय. तिथे चोरून घ्यावी लागली ती माहिती आपल्या गटाच्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहे. "सर्व्हे करतोय ताई, फक्त सभासदांची यादी द्या, फोटो काढून घेतो" असं कोणी गोड बोलून म्हटलं, तर यादी देणं अध्यक्ष-सचिवांच्या हातात नाही. ती माहिती ज्या त्या सभासदाची आहे. ठराव करा, प्रोसिडिंगमध्ये लिहा की सभासदांची यादी, नंबर आणि कर्जाची माहिती सभेच्या मंजुरीशिवाय बाहेर जाणार नाही. मग नाही म्हणणं सोपं जातं, "ठराव आहे दादा" एवढं बोललं की पुरतं.

बैठकीत करायचं काम

पाठ वाचून झाला की अर्धा तास चर्चेला ठेवा. सिंक्लेअरच्या विरोधातली चौकट आणि डॉक्टरच्या चित्राखालची ओळ, यातलं जास्त वाईट कोणतं, यावर दोन बाजू करा आणि भांडा. आपल्या गटातली एखादी ताई पंचायतीला उभी राहिली तर तिच्या पत्रकात काय लिहू आणि काय लिहिणार नाही, ते फळ्यावर लिहा. आणि गेल्या निवडणुकीतलं एखादं पत्रक घरात पडलं असेल, धान्याच्या डब्याखाली अंथरलेलं का असेना, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. त्यावर छापणाऱ्याचं नाव आहे का, ते सगळ्या मिळून शोधू.